माया लोकांच्या पाताळात: आक्तून तुनिचिल मुकनाल गुहेची सफर

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या कायो जिल्ह्यातल्या आक्तून तुनिचिल मुकनाल गुहेत कोरड्या पायांनी शिरता येत नाही. तोंडाशीच खोल डोह आहे आणि तो पोहून पार करावा लागतो. पुढे सुमारे ५०० मीटर अंधारात, कधी घोट्याइतक्या तर कधी गळ्याइतक्या पाण्यातून, प्रवाहाच्या उलट दिशेने जायचं. मग दगडांवरून वर चढायचं, बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर एका प्रचंड दालनात शिरायचं. माया लोकांनी, म्हणजे या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांनी, अकराशे ते तेराशे वर्षांपूर्वी ठेवलेले रांजण आणि माणसांचे सांगाडे तिथे अजून जागच्या जागी आहेत. काचेची पेटी नाही, कठडा नाही. जमिनीवर अंथरलेली रंगीत फीत हीच काय ती सीमारेषा.

गुहेच्या माया भाषेतल्या नावाचा अर्थ ‘दगडी थडग्याची गुहा’ असा सांगतात. स्थानिक लोक तिला आद्याक्षरांनी ‘एटीएम’ म्हणतात. भूशास्त्रज्ञ थॉमस मिलर यांनी १९८९मध्ये ती जगासमोर आणली. १९९०च्या दशकात बेलीझचे पुरातत्त्वज्ञ हायमे आवे यांच्या पथकाने तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९९८पासून ती पर्यटकांना खुली झाली. तिथे सफरीला जायचं असेल, किंवा घरबसल्या ती समजून घ्यायची असेल, तरी सुरुवात पाण्यापासून करावी. पाण्याने ही गुहा घडवली, पाण्यासाठी माया लोक तिच्यात उतरले, हाडं टिकली तीही पाण्यामुळे, आणि आज आत जाणाऱ्याला सगळ्यात मोठा धोकाही पाण्याचाच आहे.

चुनखडी आणि पाणी

गुहा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले येतात. ती माणसांनी छिन्नीने बसाल्टमध्ये कोरलेली लेणी. बसाल्ट पाण्यात सहज विरघळत नाही. बेलीझच्या या भागात मात्र डोंगरच्या डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात जंगलाच्या मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी फटींतून झिरपत चुनखडी विरघळवत जातं. लाखो वर्षांत फटींचे बोगदे होतात, बोगद्यांतून ओढे वाहू लागतात. ही गुहा अशीच सुमारे ५ किलोमीटर लांब आहे. पर्यटकांना त्यातला छोटासा भागच दाखवतात.

तेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की उलट घडतं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यातला चुना कॅल्साइटच्या रूपात बाहेर पडतो. जड पाणी रोज उकळल्यावर भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इथे धरतो, फक्त उकळण्याशिवाय आणि फार सावकाश. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले खांब त्यातूनच होतात. दालनाच्या तळावर पाणी पसरतं तिथे कडेकडेने चुन्याचे वीतभर उंचीचे बांध तयार होतात आणि त्यांच्या आत उथळ तळी साचतात. हे बांध लक्षात ठेवा. माया लोकांनी बहुतेक मडकी याच तळ्यांत आणि त्यांच्या काठांवर ठेवली. पावसाळ्यात तळी भरत राहिली, मडक्यांवर आणि हाडांवर थरावर थर चढत गेला आणि शेवटी त्या वस्तू जमिनीला चिकटून दगड झाल्या. सांगाडा दिव्याच्या उजेडात चमकतो तो या कॅल्साइटच्या स्फटिकांमुळे.

माया लोक इतक्या आत का गेले

माया लोकांच्या समजुतीप्रमाणे जग तीन थरांचं: वर आकाश, मध्ये माणसांची पृथ्वी, खाली पाताळ. गुहा म्हणजे पाताळात जायची वाट. ग्वाटेमालाच्या किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ ग्रंथात या पाताळाला ‘शिबाल्बा’ म्हटलं आहे. तिथे मृत्यूचे आणि रोगांचे अधिपती राहतात आणि दोन जुळे भाऊ त्यांना चेंडूच्या खेळात व कपटात हरवतात. गाइड ही कथा रंगवून सांगतात आणि ती ऐकण्यासारखीच आहे. मात्र तो ग्रंथ सोळाव्या शतकात, दुसऱ्या प्रदेशात लिहिला गेला. त्यामुळे त्यातला प्रत्येक प्रसंग या गुहेतल्या दगडावर बसवू नये.

पाताळ फक्त भयाचं नव्हतं. ढग, वारा आणि पाऊस डोंगरांच्या पोटात, गुहांत जन्म घेतात अशी माया लोकांची श्रद्धा होती. पर्जन्यदेव चाक याचं घरही तिथेच. गुहेच्या छतातून ठिबकणारं, अजून जमिनीला न लागलेलं पाणी सर्वांत पवित्र. युकातेक माया भाषेत त्याला ‘सुहुय हा’, म्हणजे कोरं, अस्पर्श पाणी म्हणतात आणि पावसासाठीच्या विधींत ते लागतं. इतके रांजण आणि मडकी गुहेत का सापडतात, याचं मोठं उत्तर इथे आहे.

आता काळाकडे बघू. या गुहेत जुन्या काळचे विधी प्रामुख्याने तोंडाजवळ, उजेडाच्या टापूत होत. खोल दालनातली बहुतेक खापरं मात्र इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकातली आणि दहाव्याच्या सुरुवातीची आहेत. दक्षिणेकडच्या सखल प्रदेशातली माया शहरं ओस पडू लागली तो हाच काळ. दक्षिण बेलीझमधल्या योक बालुम गुहेतल्या चुन्याच्या खांबाच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी जुन्या पावसाचा आलेख काढला. तो अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन ६६०नंतर हवामान कोरडं होत गेल्याचं त्यात दिसतं. बेलीझमधल्याच चेचेम हा या गुहेचा अभ्यास करून होली मॉयेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातल्या गुहाविधींचा संबंध थेट दुष्काळाशी जोडला.

हे सगळं एकत्र ठेवलं की चित्र उभं राहतं. पाऊस हुकायला लागला, मक्याचं पीक जाऊ लागलं, तसे लोक देवाच्या घरात आणखी आत, आणखी अंधारात शिरले आणि अर्पणंही वाढत गेली. राजाची सत्ताच ‘मी पाऊस आणतो’ या दाव्यावर उभी असल्याने त्याच्यावरचा ताण किती असेल, याचा अंदाज करता येतो. दुष्काळ हे पडझडीचं एकमेव कारण नव्हतं. राज्याराज्यांतली युद्धं आणि जमिनीवरचा ताणही होता. पण या गुहेपुरतं बोलायचं तर पाणी हाच सगळ्यात समाधानकारक खुलासा वाटतो.

दालनात काय दिसतं

आधी दिसतात खापरं. बहुतेक भांडी मुद्दाम फोडलेली आहेत. काहींच्या पोटाला बेताने पाडलेलं एकच भोक असतं. भांड्यात जीव असतो आणि विधी संपल्यावर तो मोकळा करायचा, अशी त्यामागची समजूत मानली जाते. एका रांजणाच्या काठाजवळ माकडाची छोटी आकृती आहे. गाइड तो हमखास दाखवतात. मका दळायचे पाटे-वरवंटेही आहेत. तीन दगडांची चूल मांडलेलीही दिसते. माया विश्वोत्पत्तीच्या कथेत देवांनी जगाच्या आरंभी तीन दगडांची चूल मांडली, म्हणून ती नुसती स्वयंपाकाची जागा समजू नये. पाइनच्या मशालींची काजळी आणि कोळसा ठिकठिकाणी आहे. कोपल नावाचा धूप जाळणं हा माया विधींचा भागच होता. असा धूर, मशालींचा हलता उजेड आणि भिंतींवर नाचणाऱ्या सावल्या यांत हे विधी चालत. तेवढ्यासाठी गाइड कधी कधी सगळ्यांना दिवे विझवायला सांगतो आणि एकच दिवा हलवून दाखवतो. ते जरूर अनुभवावं.

प्रवाहाच्या वर एका वेगळ्या कपारीत पाटीच्या दगडाच्या दोन शिळा उभ्या केलेल्या आहेत. एकीचा आकार पाकट माशाच्या काट्यासारखा, दुसरीचा ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीतल्या काळ्या काचेच्या पात्यासारखा. ही दोन्ही स्वतःचं रक्त काढून देवाला वाहण्याची साधनं होती. राजे आणि सरदार जीभ, कान किंवा लिंग टोचून रक्त कागदावर घेत आणि तो कागद जाळत. तेव्हा ती कपार रक्तार्पणाची जागा असावी, हा अंदाज पटण्यासारखा आहे.

आता सांगाडे. इथे १४ माणसांचे अवशेष नोंदले गेले आहेत. त्यांत तान्ही मुलं आहेत आणि प्रौढही. हे बळी होते हे कशावरून म्हणायचं? माया लोक आपल्या मृतांना सहसा घराच्या जमिनीखाली किंवा थडग्यात पुरत आणि सोबत वस्तू ठेवत. इथे खड्डा नाही, थडगं नाही. शरीरं उघड्यावर टाकलेली किंवा कपारीत सारलेली आहेत, आणि काही कवट्यांवर माराच्या खुणा आहेत. लहान मुलं पर्जन्यदेवाला देण्याची प्रथा मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशात, इतरत्रही होती. वाचायला जड जातं, पण ते गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी हे केलं ते त्यांच्या दृष्टीने जवळ होतं त्यातलं सगळ्यात मोलाचं देत होते. ज्यांचा जीव गेला त्यांना कुणी विचारलं नसणार, हेही तितकंच खरं.

काही कवट्यांचं कपाळ मागे उतरतं आणि डोकं लांबट दिसतं. बाळाचं डोकं मऊ असताना फळ्या बांधून तो आकार दिला जाई. तो रोग किंवा व्यंग नव्हे.

सगळ्यात प्रसिद्ध सांगाडा शिडी चढून गेल्यावरच्या छोट्या कप्प्यात आहे. जवळजवळ पूर्ण, उताणा, हातपाय पसरलेला आणि कॅल्साइटने झगमगणारा. त्याला ‘स्फटिक कन्या’ म्हणतात. नाव तसंच राहिलं असलं तरी नंतरच्या अभ्यासानुसार तो किशोरवयातला, १७-१८ वर्षांचा मुलगा असण्याची शक्यता जास्त आहे. खात्री करणं अवघड, कारण लिंग ओळखायला ज्या हाडांचा उपयोग होतो तीच कॅल्साइटखाली गेली आहेत आणि थर फोडायचा तर सांगाडाच फुटेल. शरीराच्या स्थितीवरून मृत्यूचं नाट्य रचायचा मोह होतो. पण तळी भरताना-ओसरताना हाडं थोडी सरकलेली असू शकतात.

वाट कशी आहे

मुक्काम बहुतेक जण सान इग्नासियो गावात करतात. तिथून महामार्गाने टीकेटल गावापर्यंत आणि पुढे शेतांतल्या कच्च्या रस्त्याने गाडी जाते. सुमारे तासभर लागतो. गुहा टेपिर माउंटन संरक्षित जंगलात आहे. गाडीतळापासून ४५ मिनिटं सपाट जंगलवाट, पण वाटेत रोअरिंग क्रीक ही छोटी नदी तीनदा ओलांडायची. पहिला ओलांडा बहुधा सगळ्यात खोल असतो आणि तिथे दोर बांधलेला असतो. पोहता येत नसेल तर आदल्या दिवशीच सांगा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. दोर धरला की पाय टेकत नसले तरी जाता येतं.

गुहेच्या तोंडाजवळ हेल्मेट आणि डोक्यावरचा दिवा मिळतो. पाठीवरची पिशवी इथेच राहते. स्वच्छतागृहाचं काम आत शिरण्याआधी उरकायचं, कारण पुढचे तीनेक तास आत काहीही सोय नाही.

डोह पार केला की गाइड पुढे आणि बाकीचे एका रांगेत. गाइड जे सांगेल ते ऐकून मागच्याला सांगायचं: ‘उजवीकडे खड्डा’, ‘गुडघ्याशी दगड’, ‘डोकं सांभाळा’. ही साखळी तुटली की मागचा माणूस आपटतो. गप्पा आणि फाजील धिटाई यांमुळेच ती तुटते. पाण्याखालचे दगड दिसत नाहीत, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत न्या. नडगीला होणाऱ्या बहुतेक जखमा घाईने टाकलेल्या पावलाच्या असतात. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय टेकलेले असल्याशिवाय पुढची हालचाल करू नका. छतातल्या चुन्याच्या कांड्यांना आधारासाठी धरू नका. त्या मोडतात, आणि हाताचं तेल लागलं की तिथला थर वाढायचा थांबतो. एक-दोन ठिकाणी खडकांमधली फट इतकी अरुंद आहे की मान तिरकी करून, गळा फटीतून सरकवत जावं लागतं. दिसतं भीतिदायक, पण गाइड सांगेल त्या कोनात डोकं धरलं की सहज जमतं.

कोरड्या दालनात मोजे कशासाठी? बुटाचा कडक तळ खापराचा तुकडा चिरडतो आणि बुटाखाली काय आलं ते पायाला कळत नाही. अनवाणी पायाचा घाम आणि तेल कॅल्साइटला लागतं, तेव्हा अनवाणीही नाही. मोज्यातून जमीन जाणवते, त्यामुळे माणूस आपोआप हलकं पाऊल टाकतो. मोजे विसरलात तर त्या दालनात सोडत नाहीत. म्हणून घरूनच बुटांच्या आत घालून निघा. ओले असले तरी चालतात. लांब मोजे नडगीही वाचवतात. फक्त शिडीवर ओले मोजे घसरतात, तेव्हा पायरीवर पावलाचा मधला भाग टेकवा आणि एका वेळी एकानेच चढा.

कपडे लवकर वाळणारे हवेत. जीन्स पाणी पिऊन जड होते आणि अंग गार पाडते. बाहेर कितीही उकाडा असला तरी पाणी थंड असतं आणि दालनात थांबून गाइडचं ऐकताना अंग गारठतं, म्हणून अंगाबरोबरचा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट उत्तम. बूट पुढून-मागून बंद, पकड घेणारे आणि पाण्यात निसटणार नाहीत असे. चपला किंवा पातळ रबरी तळाचे बूट नकोत. चष्म्याला दोरी बांधा. अंगठ्या-साखळ्या काढून ठेवा. गाडीत कपड्यांचा पूर्ण संच, टॉवेल आणि दुसरे बूट ठेवा.

पाऊस आला तर

बेलीझमध्ये पावसाळा साधारण जून ते नोव्हेंबर. फेब्रुवारी ते मे हा सर्वांत भरवशाचा काळ. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीवर फार रेंगाळत नाही, फटींतून थेट भूगर्भातल्या प्रवाहात उतरतं. त्यामुळे गुहेच्या तोंडाशी ऊन असताना वर कुठेतरी पडलेल्या पावसानेही आतलं पाणी झपाट्याने चढू शकतं, आणि अरुंद जागी त्याला पसरायला वाव नसतो. स्वच्छ निळसर-हिरवं पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज वाढणं या खुणांवर गाइडची नजर असते. त्याने माघार म्हटलं की वाद न घालता परतायचं. पावसाळ्यात गुहा काही दिवस बंदही राहते, तेव्हा ही सफर सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. हाताशी एखादा मोकळा दिवस असू द्या.

कॅमेरा का नाही

मे २०१२मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडला आणि एका प्राचीन कवटीला भोक पडलं. तेव्हापासून गुहेत कुठलाही कॅमेरा नेता येत नाही, हेल्मेटवरचाही नाही. बंदी योग्यच आहे. फोटो काढणारा माणूस पडद्याकडे बघत मागे सरकतो, आणि इथे मागे काय असेल याचा नेम नाही. जमिनीवरच्या खापरांत आणि हाडांत काही ठिकाणी पावलाएवढंच अंतर आहे.

परवानाधारक गाइडशिवाय आत जाता येत नाही. एका गाइडबरोबर जास्तीत जास्त ८ जण, आणि दिवसाच्या एकूण संख्येवरही मर्यादा आहे. आरक्षण करताना गटात किती जण असतील ते विचाराच. गट ५-६ जणांचा असेल तर चालही बरी राहते आणि ऐकायलाही मिळतं. वस्तू संग्रहालयात न हलवता जागेवरच ठेवाव्यात का, हा वाद आहे. भांडं कुठल्या तळ्यात, कुठल्या बाजूला, कुणाच्या सांगाड्याजवळ ठेवलं होतं, यातच त्याचा अर्थ आहे. उचललं की तो गेला. शिवाय कॅल्साइटने चिकटलेलं बरंच काही फोडल्याशिवाय निघणारच नाही. म्हणून जागेवर ठेवणंच बरोबर, पण त्यासाठी माणसांची संख्या कमी ठेवावी लागेल, गरज पडली तर आजच्याहूनही कमी. माया लोक नाहीसे झाले असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. बेलीझमध्ये आजही मोपान, केकची आणि युकातेक माया समाज आहेत. त्या सांगाड्यांशी कुणाचं तरी नातं आहे, हे भान ठेवून आत आवाज खाली ठेवावा.

गुडघ्याची दुखापत, नुकती झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, बंद जागेची तीव्र भीती यांपैकी काही असेल तर ही सफर टाळा. अर्ध्या वाटेत थांबून एकट्याने परतायची सोय नाही. एक जण फिरला की बहुधा सगळा गट फिरतो. अशांसाठी त्याच जिल्ह्यात बार्टन क्रीक गुहा आहे. तिथे होडीत बसून आत जाता येतं, चढाई नाही, पोहणं नाही, आणि तिथल्या कपारींतही माया लोकांनी वाहिलेली भांडी आणि मानवी अवशेष सापडलेले आहेत. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर त्यांना तिकडे न्यावं.